पाठाकडून कामाकडे : आज्ञावलीलेखनाची उमेदवारी



वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गापासून जवळच वालीव आहे. पूर्वी ते वसई तालुक्यातील एक गाव म्हणूनच ओळखले जाई. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वालीवचा पत्ता बदलला. गावाचे रूप मात्र त्याआधीपासूनच बदलत होते. आज येथे गाळ्यांच्या रांगा आहेत. कोठे लेथ चालतो, कोठे प्रेस, तर कोठे प्लास्टिकचे साचे भरले जातात. अनेक गाळे मोठ्या कारखान्यांचे जॉब-वर्क करतात.

अशा गाळ्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून एखादा तरुण येतो, तेव्हा तो लगेच कारागीर झाला असे कोणी मानीत नाही. संस्थेत त्याने लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणलेला असतो. त्या ठोकळ्याचे रेखाचित्र स्वच्छ होते, मापे पूर्ण होती आणि धातू ठरलेला होता. गाळ्यात त्याच्या हाती येणारे रेखाचित्र तेलाने डागाळलेले असते, त्यावरील एखादे माप खोडलेले असते आणि माल संध्याकाळपर्यंत पाठवावयाचा असतो. म्हणून त्याला उमेदवारी करावी लागते. जुन्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून तो आधी सोपे, मग अवघड काम हाती घेतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने या जुन्या व्यवहाराला कायद्याचे रूप दिले.

संगणकाची आज्ञावली, म्हणजे रोजच्या बोलण्यातील प्रोग्रॅम, लिहावयास शिकणाऱ्या तरुण-तरुणींच्या वाट्यास ही उमेदवारी क्वचितच येते. ते पाठ पाहतात, पाठाबरोबर टंकलेखन करतात, प्रमाणपत्र मिळवितात. आणि कोरा पडदा समोर आला की पहिली ओळ कोणती लिहावी हेच सुचत नाही. मग ते आणखी एक पाठमाला सुरू करतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. पाठ आणि काम यांच्यामध्ये जी पायरी असावयास हवी, ती त्यांना कोणी दिलेली नसते. ही पायरी कोणती आणि ती शाळा, कार्यालय व कारखाना यांना कशी देता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पाठांचे मोल

आरंभी हे स्पष्ट केले पाहिजे की पाठ निरुपयोगी नाहीत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सी, पायथन, लिनक्स अशा विषयांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌-श्राव्य पाठ तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते उपलब्ध करून दिले. पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस स्वतःचे काम, अशी त्याची पद्धत आहे. शिक्षक दूर असलेल्या विद्यार्थ्याला घरबसल्या मराठीत पहिली आज्ञावली चालविता यावी, ही लहान गोष्ट नाही.

शिक्षणशास्त्रानेही सोडवून दाखविलेल्या उदाहरणाचे महत्त्व मान्य केले आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोडविलेली उदाहरणे अभ्यासलेल्या विद्यार्थ्यांनी तशीच नवी उदाहरणे कमी वेळात आणि कमी चुका करून सोडविली. परंतु वेगळ्या घडणीचे उदाहरण पुढे आले, तेव्हा हा लाभ दिसून आला नाही. पाठाची शक्ती आणि त्याची मर्यादा या एकाच निष्कर्षात दिसतात. पाठ हात वळवितो. अनोळखी काम ओळखावयास तो शिकवीत नाही.

पाठात न दिसणाऱ्या तीन गोष्टी

पाठ तयार करणारा शिक्षक तीन कामे आधीच उरकून ठेवतो. पहिले काम प्रश्न ठरविण्याचे. ‘दोन संख्यांची बेरीज करा’ असे सांगितले की काय करावयाचे याविषयी शंका उरत नाही. दुसरे काम माहिती स्वच्छ करण्याचे. पाठातील यादीत नावे नीट लिहिलेली असतात, रकाने भरलेले असतात आणि तारखा एकाच पद्धतीच्या असतात. तिसरे काम शेवट ठरविण्याचे. उत्तर पडद्यावर उमटले की पाठ संपतो. उद्या ती आज्ञावली कोण वापरणार आणि बिघडली तर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

प्रत्यक्ष कामात ही तिन्ही कामे करणाऱ्यालाच करावी लागतात, आणि त्याचा बराच वेळ त्यांतच जातो. आज्ञावलीची भाषा येते पण काम जमत नाही, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा या तीनपैकी एखाद्या कामाचा सराव झालेला नसतो.

शाळेतील एक साधे उदाहरण घेता येईल. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यामागे दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यामागे १५० ग्रॅम तांदूळ धरला जातो. एखाद्या दिवशी लहान वर्गांत ८४ आणि मोठ्या वर्गांत ४६ मुले हजर असतील, तर ८.४ आणि ६.९ मिळून १५.३ किलो तांदूळ लागेल. पाठाच्या दृष्टीने हा दोन गुणाकारांचा आणि एका बेरजेचा विषय आहे. परंतु वर्षभराचा हिशेब ठेवू लागताच एक विचित्र गोष्ट आढळते. संगणक संख्या दोनच्या पटीत साठवितो, त्यामुळे ०.१ सारखा साधा दशांशही त्याला तंतोतंत साठविता येत नाही. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली, तर उत्तराच्या शेपटाला सतराव्या दशांश स्थानी एक ४ चिकटलेला दिसतो. शिल्लक शून्य व्हावयास हवी तेथे ती शून्य होत नाही, आणि ‘शिल्लक शून्य आहे काय?’ या प्रश्नाला आज्ञावली ‘नाही’ असे उत्तर देते. उपाय सोपा आहे. हिशेब किलोत न ठेवता ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवावा : ८४०० अधिक ६९०० म्हणजे १५३००. हा उपाय पाठात वाचून विसरला जातो. तांदळाचा ताळा न जुळल्याने शोधून काढला, तर तो जन्मभर लक्षात राहतो.

एका गाळ्याची वही

आता वालीवकडे वळू. समजा, जॉब-वर्क करणाऱ्या एखाद्या गाळ्यातील मालाची नोंद संगणकावर घ्यावयाची आहे. मूळ कारखान्याकडून चलनाबरोबर माल येतो, त्यावर काम होते आणि तो परत जातो. पाठ शिकून आलेला तरुण ताबडतोब म्हणेल, ‘आला वजा गेला, बरोबर शिल्लक.’

त्याने एक दिवस वही घेऊन गाळ्यात बसावे. चलनावर ५०० नग लिहिलेले आहेत. त्यांपैकी ४७२ तयार होऊन गेले. १६ नग काम करताना बिघडले. ९ नगांत ओतकामाचाच दोष निघाला, म्हणून ते तसेच परत गेले. उरलेले ३ मोजणीतच कमी भरले होते. बेरीज ५०० होते खरी, पण त्या एका आकड्यात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. बिघडलेल्या नगांची किंमत कोणाच्या खात्यावर? भंगार कोणाचे? दोन चलनांचा माल एकाच गाडीतून परत गेला तर तो कोणत्या चलनात वजा करावयाचा? लहान नग मोजून न घेता तोलून घेतले असतील तर? तारखेच्या रकान्यात ‘०५/०६’ असे लिहिले आहे, ते ५ जून की ६ मे?

याखेरीज कायदाही आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ यातील कलम १४३ प्रमाणे जॉब-वर्कसाठी करभरणा न करता पाठविलेला कच्चा माल सर्वसाधारणपणे एक वर्षाच्या आत परत यावा लागतो. न आल्यास तो पाठविला त्याच दिवशी पुरविला असे मानून कराचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे या नोंदवहीने केवळ शिल्लक सांगून भागणार नाही. अकरा महिने झालेले चलन तिने आपण होऊन पुढे आणले पाहिजे. मालकाला प्रश्न विचारल्यावाचून ही गरज कळत नाही. आणि मालकालाही, कोणी विचारीपर्यंत, ती सांगावी असे सुचत नाही.

येथे आज्ञावलीकाराचे खरे काम दिसते. संगणकासमोर बसण्यापूर्वी त्याने माणसासमोर बसावयास हवे. जी वही आज हाताने लिहिली जाते ती संपूर्ण पाहावी, समासातील खुणा कशासाठी आहेत ते विचारावे आणि पाच जुन्या चलनांचा हिशेब स्वतः कागदावर करून पाहावा. ही पाच चलने पुढे त्याच्या कसोटीची होतात. आज्ञावलीत कोणताही बदल केला की त्या पाचांची उत्तरे आधीसारखीच येतात की नाही, हे पाहावयाचे. आत्मविश्वास नावाची जी गोष्ट आहे, तिचा पाया अशा कसोटीत असतो. आपले उत्तर बरोबर आहे हे ज्याला स्वतः तपासता येते, त्याला दुसऱ्याच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही.

नाव उलटे लिहिताना

अनेक पाठमालांत एक लाडके उदाहरण असते : दिलेला शब्द उलटा लिहा. रोमन लिपीत ते सहज जमते. तेच ‘वालीव’ या शब्दावर करून पाहिले, तर संगणक ‘वीलाव’ असे उत्तर देतो. मराठी वाचकाच्या मते ते ‘वलीवा’ असावयास हवे. शब्दाची अक्षरे मोजावयास सांगितली, तर वाचक तीन म्हणतो आणि संगणक पाच.

यात गूढ काही नाही. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत व, काना, ल, दीर्घ वेलांटी आणि पुन्हा व अशी पाच चिन्हे क्रमाने साठविलेली असतात. संगणक ती चिन्हे उलट क्रमाने ठेवतो. त्यामुळे वेलांटी ल ला सोडून आधीच्या व ला जाऊन बसते. पाठ इंग्रजी शब्दावर रचलेला असल्याने हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक कार्यालयात मात्र तो उद्भवतो. नावे मराठीत लिहावयाची आहेत, त्यांचा वर्णानुक्रम लावावयाचा आहे आणि एकच गाव कोणी ‘वालीव’ तर कोणी ‘वालिव’ असे लिहिले असताना ते एकच आहे हे ओळखावयाचे आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकित केलेल्या जुन्या याद्या असतील, तर त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात. परदेशात तयार झालेला कोणताही पाठ या अडचणी सोडवून देणार नाही. त्या येथील मुलामुलींनीच सोडवावयाच्या आहेत, आणि त्यांना त्या अधिक चांगल्या सोडविता येतील. कारण उत्तर चुकले आहे हे त्यांना पाहताक्षणी कळते.

चूक वाचण्याची विद्या

पाठात चुका फारशा दिसत नाहीत. त्या आधीच काढून टाकलेल्या असतात. म्हणून पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली की नवशिक्या घाबरतो आणि सर्व पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहावयास घेतो. वस्तुतः चुकीचा संदेश हा मदतीसाठीच असतो. पायथनमध्ये त्याची शेवटची ओळ आधी वाचावी. तीत चुकीचा प्रकार असतो. तिच्या वरच्या भागात आज्ञावली कोणत्या ओळीवर थांबली ते दिलेले असते. तेवढे वाचण्याची सवय लागली तरी भीती पुष्कळ कमी होते.

संदेश न देणारी चूक अधिक कठीण असते. तिला शोधण्याचा मार्ग निम्मे करण्याचा आहे. हजार नोंदींपैकी कोणती तरी एक नोंद बेरीज बिघडवीत असेल, तर पहिल्या पाचशेच तपासाव्या. दोष त्यांत नसेल तर तो उरलेल्या पाचशेंत आहे. असे दहा वेळा निम्मे केले की दोषी नोंद एकटी उरते. विहिरीवरचा पंप चालत नसेल तर शेतकरी आधी वीज पाहतो, मग तार, मग मोटार. तोच हा क्रम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. लिनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये तयार केलेले ‘गिट’ हे साधन अशा प्रत्येक बदलाची नोंद ठेवते आणि हवे तेव्हा जुन्या स्थितीत परत नेते. परत फिरण्याची वाट खुली असली की माणूस निर्भयपणे प्रयोग करू शकतो.

वर्गात शिक्षकाने एक वेगळा सराव द्यावा. चालणाऱ्या आज्ञावलीत जाणूनबुजून दोन-तीन चुका पेराव्या आणि विद्यार्थ्यांना त्या शोधावयास सांगाव्या. दुसरा सराव अपुरी आज्ञावली पूर्ण करण्याचा. नेदरलँड्‌समधील संशोधक यरून व्हान मेरिएनबूर यांनी १९९० मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांवरील प्रयोगातून दाखविले की तयार पण अपुऱ्या आज्ञावली पूर्ण करीत शिकलेले विद्यार्थी पुढे स्वतंत्र आज्ञावली अधिक चांगल्या रचतात. पाठ आणि कोरा पडदा यांच्यामधील ही एक भक्कम पायरी आहे.

मुंबईतील एक जुना अनुभव

करून शिकण्याचा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात तरुण शास्त्रज्ञांचा एक चमू संगणक बांधावयास निघाला. आर. नरसिंहन हे त्यातील प्रमुख होते. चमूतील बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक वापरलेलाही नव्हता. त्यांनी एकदम मोठे यंत्र हाती घेतले नाही. आधी लहान प्रायोगिक यंत्र बांधले; ते १९५६ मध्ये चालू झाले. त्यात जे उमगले त्याच्या आधारे पूर्ण आकाराचे यंत्र उभारले गेले आणि १९६० मध्ये ते कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. ते केवळ प्रदर्शनाचे यंत्र नव्हते. शास्त्रज्ञांनी त्यावर आपली गणिते सोडविली. त्या यंत्राची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती. आजच्या साध्या भ्रमणध्वनीची शक्ती तिच्या कितीतरी पट आहे. साधने वाढली, पण आधी लहान बांधा, ते चालवा, त्यावरून मोठे बांधा, हा क्रम आजही तितकाच खरा आहे.

बदलते नियम

काम पूर्ण झाले असे वाटते तेव्हा उमेदवारीचा उत्तरार्ध सुरू होतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या दरांची फेररचना होऊन ५ आणि १८ टक्के हे मुख्य टप्पे राहिले, आणि १२ व २८ टक्क्यांच्या टप्प्यांतील बहुतेक वस्तू अन्यत्र हलविल्या गेल्या. ज्याने बिलाच्या आज्ञावलीत ‘१२’ हा आकडा ठिकठिकाणी लिहून ठेवला होता, त्याला प्रत्येक ओळ शोधीत बसावे लागले असणार. ज्याने दर वेगळ्या तक्त्यात आणि ‘अमुक तारखेपासून’ या रकान्यासह ठेवले, त्याचे काम एका नव्या ओळीवर भागले. शिवाय जुन्या तारखेचे बिल पुन्हा छापले तर त्यावर जुनाच दर येतो. हा भेद पाठात कळत नाही, कारण पाठातील कायदा कधी बदलत नाही.

निसर्गाचेही असेच आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई परिसर जलमय झाला, रेल्वे थांबली आणि वीज खंडित झाली. नोंद अर्धवट असताना वीज गेली तर काय होईल? गाळ्यात पाणी शिरून संगणक भिजला तर नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे? त्या प्रतीवरून वही पुन्हा उभी करून कोणी पाहिली आहे काय? हे प्रश्न विचारणारा तरुण पाठाच्या पलीकडे गेला असे समजावे.

उत्तर देणारी यंत्रे

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची संवाद-साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. सांगितले की ती आज्ञावली लिहून देतात. मग शिकावयाचे कशासाठी, असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तर गाळ्याच्या वहीतच सापडते. यंत्राला ‘शिल्लक काढून दे’ असे सांगितले तर ते ५०० मधून ४७२ वजा करून देईल. तीन नग मोजणीतच कमी होते, हे त्याला कोणी सांगितल्यावाचून कळावयाचे नाही. आणि त्याने दिलेले उत्तर त्या पाच चलनांशी ताडून पाहण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. ही साधने वापरण्यास हरकत नाही. एकच नियम पाळावा : जी ओळ स्वतःला समजावून सांगता येत नाही, ती दुसऱ्याच्या हिशेबात घालू नये. पाठाची नक्कल आणि यंत्राची नक्कल यांचा धोका सारखाच आहे. दुसरीचा वेग तेवढा अधिक.

कोणी काय करावे

विद्यार्थ्याने एक पाठमाला पूर्ण करून थांबावे. त्यानंतर घर, दुकान, शाळा किंवा गाळा यांतील एकच लहान अडचण निवडावी, जी खरोखर कोणा एका माणसाची आहे. दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होईल एवढेच काम घ्यावे. ते माणूस वापरू लागला की त्याच्या शेजारी बसून तो कोठे अडखळतो ते पाहावे. मध्ये बोलू नये. त्याच्या सांगण्यावरून दोन वेळा दुरुस्ती करावी. शेवटी पानभर माहितीपत्रक लिहावे : आज्ञावली काय करते, कशी चालवावी, तिला काय जमत नाही. असे एक काम अनेक प्रमाणपत्रांपेक्षा अधिक सांगून जाते.

शिक्षकांची जबाबदारी वाढत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यावर आज्ञावलीलेखनाच्या उपक्रमांचा उल्लेख केला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘कोपा’ हा संगणकचालक व आज्ञावली साहाय्यकाचा एक वर्षाचा व्यवसायक्रम आहेच. या वर्गांतील प्रात्यक्षिकाच्या वहीत एक काम तरी शाळेबाहेरच्या माणसासाठी केलेले असावे आणि गुण देताना त्या माणसाचे मत विचारावे. शिक्षकाला प्रत्येक उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. ‘चला, शोधून पाहू’ असे म्हणून त्याने विद्यार्थ्यांसमोर चूक शोधली, तर तोच उत्तम पाठ होय.

पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्याजवळ तर कामांचा साठाच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, किंवा नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, यांचे केवळ कोरे रकाने आणि नियम विद्यार्थ्यांना दिले तरी एका वर्गाचा वर्षभराचा सराव होईल. शासकीय प्रणालीची जागा त्या सरावाने घ्यावयाची नाही, हे आरंभीच सांगावे. नागरिकांची खरी नावे, आधार क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक सरावासाठी कधीही देऊ नयेत. काल्पनिक नोंदी कराव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झालेला आहे, आणि ही शिस्त शिकण्याच्या वयातच लागावयास हवी.

गाळामालकांनी एवढेच करावे : महिन्यातून एक दुपार एका विद्यार्थ्याला जुनी वही दाखवावी आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी. पहिल्या प्रयत्नात चुका होतील हे गृहीत धरून, नवी नोंद आणि जुनी वही काही काळ शेजारी शेजारी चालू ठेवावी. दोन्हींचा ताळा महिनाभर जुळला की मग वहीचा विचार करावा.

या कशालाही मोठा निधी लागत नाही. एक जुना संगणक, एक खरी अडचण आणि प्रश्न विचारू देणारे एक वडीलधारे माणूस एवढे पुरते. वालीवच्या गाळ्यांनी फिटर आणि टर्नर याच रीतीने घडविले आहेत. त्याच गाळ्यांपासून हाकेच्या अंतरावर राहणारी, हाती प्रमाणपत्र घेऊन वाट पाहणारी मुले-मुली आहेत. त्यांना आणखी एका पाठाचा दुवा देण्याऐवजी या आठवड्यात एक वही दाखविली, तर त्यांची उमेदवारी सुरू होईल.